पैठणला चार दिवस, पूर ओसरल्यावर

पहिला दिवस

आत्याचा फोन दिवाळीत आला होता. "भिंतीला पोट सुटलंय गं. पोरगा म्हणतो, पाडून टाकू. तू एकदा बघून जा, मग काय करायचं ते करा." २०२५ च्या सप्टेंबरच्या शेवटी गोदावरीला आलेल्या पुरानंतर महिनाभरातच ही भिंत फुगायला लागली होती. पूर आला तेव्हा वाडा उभा होता आणि पाणी गेल्यावर तो ढासळायला निघाला. मी लातूरला तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकवते, त्यामुळे घरातल्या सगळ्या भिंतींची दुखणी माझ्याकडेच येतात. डिसेंबरात चार दिवसांची रजा टाकली आणि पहाटेची एसटी धरली.

अंबाजोगाई, केज करत मांजरसुंब्याचा घाट उतरला की पालीजवळ बिंदुसरेचं धरण दिसतं. बीडला दोन तास मोडून मी मुद्दाम उतरले. बिंदुसरा शहराच्या मधून जाते. डिसेंबरात तिच्यात पाणी कमी आणि प्लास्टिक जास्त असतं. २३ जुलै १९८९ ला याच नदीला असा लोंढा आला की काठच्या वस्त्या धुऊन गेल्या, माणसं गेली. दगडी पुलाजवळच्या टपरीवर चहा घेताना मी सहज विषय काढला, तर चहावाल्याचे वडील आतून उठून बाहेर आले. "रातच्याला पाणी आलतं. कुणाला उठवायला बी वेळ नव्हता." एवढं बोलून ते नदीकडे बघत उभे राहिले. ३६ वर्षं झाली या गोष्टीला.

बीड हे पाण्याची जाण असलेलं गाव. १५८२ च्या सुमारास निजामशाहीत बांधलेली खजाना विहीर याच शहराबाहेर आहे. जमिनीखालच्या बोगद्यांतून तिचं पाणी शेतांना जातं. पाणी आणण्याचं हे शहाणपण ज्या गावाकडे होतं, त्याच गावाची घरं पुढे नदीच्या पात्राला येऊन भिडली. ही गोष्ट दिवसभर माझ्या मनातून गेली नाही.

शहागडला गोदावरी ओलांडली, पाचोडला गाडी बदलली आणि दिवेलागणीला पैठणला पोचले. आत्या दारातच उभी होती. "आधी हातपाय धू, भिंत काय पळून जात नाही." तिनं भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी केली होती.

दुसरा दिवस

सकाळी भिंतीकडे न जाता आधी नदीवर गेले. घराला काय झालं ते कळायला आधी गाव कसं बसलंय ते पाहावं लागतं.

जुनं पैठण उंचावर आहे. गल्ल्यांतून चालताना ते जाणवत नाही, नदीकडे वळलं की पायाला कळतं. एकदम उतार लागतो, मग घाटाच्या पायऱ्या. सातवाहनांचं प्रतिष्ठान इथंच होतं. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर हे गाव लागतं आणि इथून गाड्या भरभरून अकीक दगड बंदराला येतो. दोन हजार वर्षं माणसं याच जागी घरं बांधत आली. पडलेल्या घराच्या मातीवर नवं घर, त्याच्या मातीवर आणखी एक. गावाबाहेरच्या टेकाडाला लोक 'पालथी नगरी' म्हणतात. पैठणची उंची अशी माणसांनी रचलेली आहे. पांढऱ्या मातीचा हा थर पिढ्यानपिढ्या गावाला पाण्याच्या वर उचलत गेला.

घाटावर नागघाटाजवळ थोडा वेळ बसले. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले ते इथं, असं मानतात. आणखी खाली नाथांची समाधी. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला एकनाथ महाराजांनी गोदेत देह ठेवला. नाथांचा राहता वाडा मात्र गावात, वर. रांजण तिथं आहे, श्रीखंड्यानं पाणी भरलेला. तुकाराम बीजेपासून लोक तो भरायला लागतात आणि तो भरून वाहिला की देव आले, अशी श्रद्धा. गावाची जुनी मांडणी यातून दिसते. राहणं वर आणि नदीशी व्यवहार खाली. खाली पायऱ्या, देवळं, समाध्या. दगडाच्या या वस्तू पुरात बुडाल्या तरी पाणी उतरल्यावर धुऊन पुन्हा उभ्याच. चूल कुणी तिथं मांडत नव्हतं. खाली राहत ते कहार, भोई. त्यांचं पोटच नदीवर होतं आणि नदीची चाल त्यांना पाठ होती.

हे बदललं ते धरणानं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. धरण आधी बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावापाशी बांधायचं ठरलं होतं. जागा बदलून पैठणला आली, नाव तिकडचंच राहिलं. सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे, १०० टीएमसीहून (म्हणजे शंभर अब्ज घनफुटांहून) जास्त पाणी. नाथसागरात, म्हणजे धरणामागच्या जलाशयात, शंभराहून अधिक गावं गेली. त्या गावांचं नाव काढलं की आत्या आजही हात जोडते, कारण तिचं माहेर त्यांतलंच एक, म्हणजे माझ्या वडिलांचं गाव. माझी तिथली ओळख आजीच्या सांगण्यातून आलेली. मारुतीचं देऊळ, चिंचेखालचा पार, बस.

हे धरण नसतं तर मराठवाड्याचं काय झालं असतं याची मला कल्पना आहे. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेनं आलेलं पाणी मी रांगेत उभं राहून भरलंय. त्यामुळे धरणाला नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. पण पैठणला धरणानं एक असं दिलं जे कुणी मागितलं नव्हतं. नदीची सवयच गेली. धरण गावाच्या डोक्यावर, अगदी हाकेच्या अंतरावर. वर सागर भरलेला आणि खाली पात्र कोरडं. वर्षानुवर्षं कोरडं. जिला वर्षाआड भरलेली पाहायचे त्या नदीला लोक दहा-बारा वर्षं भरलेली पाहत नाहीत. मग उताराची जागा स्वस्त वाटू लागते. आधी गोठा, मग पत्र्याची खोली, मग स्लॅब. पावसाळे जातात, काही होत नाही. पोरं तिथंच जन्मतात आणि त्यांच्या लेखी नदी म्हणजे क्रिकेटचं मैदान.

आणि इथला पूर इथल्या पावसाचा नसतो, निदान फक्त इथला नसतो. पाऊस त्र्यंबकला, इगतपुरीला, भंडारदऱ्याला पडतो. दारणा, गंगापूर ही धरणं भरतात, नांदूर-मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून पाणी सुटतं आणि ते नाथसागरात येऊन थांबतं. सागराची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट. पैठणमध्ये हा आकडा शेंबड्या पोरालाही माहीत असतो. १५२२ ला पाणी टेकलं आणि वरून येणं थांबलं नाही की दरवाजे उचलावेच लागतात. ऑगस्ट २००६ मध्ये तसंच झालं. विसर्ग अडीच लाख क्युसेकच्या घरात गेला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर, तर अडीच लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला ७० लाख लिटर. आपल्याकडे पाणी टँकरनं मोजायची सवय आहे म्हणून सांगते, दहा हजार लिटरचे सातशे टँकर, दर सेकंदाला.

परवाच्या २८ सप्टेंबरला विसर्ग पुन्हा दोन लाखांच्या पुढे गेला. या वेळी वरून पाणी होतंच, शिवाय मराठवाड्यातही पावसानं कहर केलेला. आत्येभाऊ सांगत होता, दुपारपासून रिक्षावर भोंगा लावून खालच्या गल्ल्या रिकाम्या करायला सांगत होते. आत्यानं आधी देव काढले, मग कागदपत्रांची पिशवी, मग लोणच्याच्या बरण्या. "बरण्या कशाला आई?" म्हणून हा ओरडला. ती म्हणाली, "२००६ ला राहिल्या होत्या."

संध्याकाळी कहारवाड्याच्या बाजूनं परत आले. भिंतींवर पाण्याची रेघ अजून स्पष्ट आहे, खाली गढूळ, वर कोरडी. एका घरासमोर गाद्या वाळत टाकलेल्या दिसल्या. पूर जाऊन अडीच महिने झालेत आणि तरी गादी वाळत घालायची गरज पडतेय, याचा अर्थ जमीन अजून ओली आहे. ते बघूनच मला आपल्या भिंतीचा अंदाज आला.

तिसरा दिवस

आमचा वाडा गागाभट्ट चौकाच्या खालच्या अंगाला आहे, अगदी नदीवर नाही आणि अगदी उंचावरही नाही. जोतं घडीव दगडाचं, तीन फुटांचं. त्यावर दोन फूट जाडीची पांढऱ्या मातीची भिंत, बाहेरून भाजक्या विटेचं आवरण. आत सागवानी खांब, तुळया आणि खणांवर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. मामांच्या, म्हणजे आत्याच्या नवऱ्याच्या, आजोबांनी बांधलेला.

आत्येभाऊ सकाळीच म्हणाला, "ताई, मला माहितीय तू काय म्हणणार. पण या भिंतीखाली पोरांना झोपवायचं कसं?"

त्याला खोटं म्हणता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. लातूरला आम्ही अंगणात पळालो आणि उजाडल्यावर जीप भरभरून माणसं दवाखान्याकडे येताना पाहिली. सुमारे दहा हजार माणसं गेली, त्यांतली बहुतेक दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. तेव्हापासून मराठवाड्यात मातीची भिंत म्हणजे मरण, असं लोकांच्या मनात बसलं. पूर येवो न येवो, जुनं घर पाडायला तेवढं कारण पुरतं. पण त्या भूकंपानंतरच्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली होती आणि ती मी दरवर्षी मुलांना शिकवते. जिथं लाकडी सांगाडा धड होता, खांब-तुळईचे सांधे पक्के होते, तिथं भिंती बाहेर पडल्या तरी छत खांबांवर उभं राहिलं. भावाला खांब दाखवले. खालच्या बैठकीचे दगड हललेले नव्हते. एक खांब बुडाशी मऊ झालाय, बाकी सात टणक. सुरीचं टोक आत जात नव्हतं.

मग भिंत. गल्लीतल्याच एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं होतं. त्यांनी टिचकी मारली, कान लावला आणि विचारलं, "सिमिट कधी मारलं हिला?"

२००७ मध्ये. पहिल्या पुरानंतर ओल येते म्हणून मामांनी आतून-बाहेरून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. तेव्हा सगळ्या गल्लीनं केला. मजबुती म्हणून केला, खर्च सोसून केला.

"काढू का हातभर?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी हो म्हटलं. छिन्नी-हातोड्यानं त्यांनी कोनाड्याखालचा तुकडा उडवला. गिलाव्याचा पापुद्रा अख्खा सुटून आला, पोळी तव्यावरून सुटावी तसा, आणि मागून मातीचा वास आला. पहिल्या पावसाचा नाही, साचलेल्या रांजणाच्या तळाचा. मी बोट लावलं. माती चिखलासारखी नव्हती, भिजवून ठेवलेल्या कणकेसारखी होती. दाबली की दबत होती आणि बोटाचा ठसा तसाच राहत होता. पूर जाऊन ७० दिवस उलटले होते.

इथं सगळी गोष्ट आहे. पांढऱ्या मातीची भिंत पाण्यानं भिजते, पण चुन्याचा किंवा शेणामातीचा गिलावा असेल तर ऊन-वाऱ्यानं वाळतेही. सिमेंटमधून ओल बाहेर येत नाही. ती वर चढते. चार फुटांचा गिलावा संपला की तिथून फुटायला बघते, सोबत खार घेऊन. म्हणून भिंतीला पोट बरोबर चार फुटांच्या वर सुटलं होतं. शिवाय पूर चढलेला असताना बाहेरचं पाणी भिंतीला दाबून धरतं. ते झपाट्यानं उतरलं की आतली भिजलेली माती आपल्याच वजनानं बाहेर येऊ पाहते. म्हणून पुरात टिकलेली घरंही पुरानंतर पडतात, दुसऱ्या आठवड्यात, तिसऱ्या महिन्यात. तोवर नुकसानीची पाहणी करणारे परतलेले असतात. आत्याची भिंतही पाहणीच्या दिवशी सरळ होती, त्यामुळे कागदावर 'किरकोळ'.

गवंडीबाबा गिलावा काढत वर सरकले. दुपार झाली. आत्या चहा घेऊन आली आणि कप हातात धरूनच थांबली. कोनाड्याच्या वर वीतभर, सिमेंटच्या मागून गेरूची एक रेघ बाहेर आली होती. अखंड नाही. २००७ च्या गवंड्यानं गिलावा धरावा म्हणून टाचे मारलेले, त्यामुळे रेघ तुटक, मध्ये मध्ये खड्डे. शेजारी मामांचं अक्षर. 'पाणी' एवढा शब्द आणि खाली तारीख, तिच्यातलं फक्त '०६' शिल्लक. ते पाणी उतरल्यावर त्यांनी रेघ मारली आणि पुढच्याच वर्षी स्वतःच ती झाकली. मामांना जाऊन नऊ वर्षं झाली.

आत्या बोलली नाही. पदरानं रेघेवरची सिमेंटची भुकटी पुसायला लागली, तसा भाऊ म्हणाला, "आई, राहू दे, गेरू निघेल." मग त्यानं टेप आणला आणि जमिनीपासून मोजलं. साडेतीन फूट.

रेघ मिळाल्यानं माझं काम सोपं झालं. नदीकाठच्या गावांत दोन पूररेषा आखतात. पंचवीस वर्षांत एकदा येईल अशा पुराची निळी, शंभर वर्षांत एकदा येईल अशाची लाल. निळीच्या आत नवं बांधकाम नाही, निळी आणि लालीच्या मध्ये अटींवर. हा वाडा पाडला की जागा मोकळी आणि परवानगीचा प्रश्न नव्यानं उभा. भावाच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. त्याला वाटत होतं, पाडलं की तीन महिन्यांत स्लॅब. मी कागदावर मांडून दाखवलं. गिलावा उतरवायचा, भिंत उन्हाळाभर वाळू द्यायची, फुगलेला भाग टेकू देऊन तेवढाच उतरवून पुन्हा बांधायचा. बुडाशी मऊ झालेल्या खांबाला दगडी बैठक उंच करून नवा तुकडा जोडायचा. माळवदाची माती निम्मी उतरवायची, वजन कमी करायचं, हे किल्लारीसाठी. वीजेची बटणं मामांच्या रेघेच्या वर. साडेतीन फुटांखाली कपाट नाही, फ्रीज नाही, धान्याची कोठी नाही. पोरांनी तोवर मधल्या खोलीत झोपायचं, त्या भिंती कोरड्या आहेत.

संध्याकाळी पाय मोकळे करायला साळीवाड्याकडे गेले. एका घरात अजून खड्ड्याचा माग आहे. विणकर पाय खड्ड्यात सोडून बसतो तो. पाणी शिरलं तेव्हा सगळ्यात आधी भरला तो हाच खड्डा. विणकरदादांनी त्या रात्री अर्धी विणलेली पैठणी वाचवायला ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, कापला. पदराचा मोर पूर्ण झाला होता, अंगाची चार वार बाकी होती. कापलेला रेशमी ताणा त्यांनी गुंडाळून माळ्यावर टाकला होता. शेकडो धागे पुन्हा एकेक करून जोडायचे. दिवसाला थोडे थोडे जोडतायत. मी बसले होते तेवढ्या वेळात त्यांनी अकरा धागे जोडले, बोटाला राख लावून, दोन टोकं पिळून, न बघता. ताण्याचं नुकसान कुठल्या रकान्यात लिहायचं ते लिहून घ्यायला आलेल्या माणसाला कळलं नव्हतं, माग तर जागेवरच होता. खड्डा बुजवून उभा माग घ्या, असं मुलगा म्हणतो. दादा म्हणाले, "घीन. पण हा एवढा ताणा या मागावरच संपवीन."

चौथा दिवस

सकाळी निघायच्या आधी उघडी केलेली भिंत पुन्हा पाहिली. एका रात्रीत वरचा पापुद्रा फिकट झाला होता, बोटाला कणीक लागत नव्हती. वीतभर आत मात्र तशीच ओल. वेळ लागणार. गवंडीबाबा दुसऱ्या बाजूचा गिलावा उतरवायला येऊन बसले होते. मजुरी ठरवताना भावानं घासाघीस केली नाही, यावरून मला त्याचं मन कळलं.

आत्यानं गेरू कालवून ठेवला होता. या सप्टेंबरचं पाणी कुठवर आलं होतं ते तिला नीट माहीत होतं, दुसऱ्या दिवशी परत येऊन तिनंच खोली धुतली होती. भावाच्या मुलीला तिनं जोत्याच्या आतल्या बाजूला उभं केलं आणि सांगितलं तिथं रेघ मारायला लावली. मुलगी तिसरीत आहे. तिनं रेघ मारली, पूर्ण तारीख लिहिली, खाली स्वतःचं नाव लिहिलं. "नाव कशाला गं?" "मी मारली ना!"

एसटीत बसले. बिडकीनच्या अलीकडे रस्त्याकडेला संभाजीनगरच्या पाणी योजनेच्या मोठाल्या पाइपांपाशी गाडी जरा थांबली तेव्हा भावाचा फोन आला.

"ताई, कळीचा चुना घेतला दोन पोती. पिंपात भिजवू का हौदात?"

"हौदात. आणि पोरांना लांब ठेव, उकळतो तो. वरती पाणी बोटभर राहिलं पाहिजे, सुकू द्यायचा नाही."

"किती दिवस?"

"महिनाभर तरी. जास्त मुरला तर चांगलंच."

"भिंत तशीबी उन्हाळ्यापर्यंत वाळायची नाही," तो म्हणाला. "मुरू दे मग."

संभाजीनगरहून रात्रीची लातूर गाडी मिळाली.